दुपारी तीनला बोंबलणारा डबा

धुळे, सोमवार

पुण्याहून धुळ्याला मे महिन्यात हौसेने कोणी जात नाही. लग्नाला जातात, नाहीतर बदली होऊन जातात. मी गेले ती एका डब्यासाठी.

डबा माझाच होता. तळहातावर मावेल एवढा, ॲल्युमिनियमचा, एका बाजूला पितळी तोंड आणि दुसऱ्या बाजूला दोन तारा. आमच्या छोट्याशा कंपनीत दीड वर्ष खपून मी तो आखला होता. मायक्रोवेव्हच्या मनोऱ्यांवरून टेलिफोनचे आवाज गावोगाव जातात, त्यांच्या यंत्रातून किती ताकद बाहेर पडते आहे हे मोजायचं त्याचं काम. ताकद कमी झाली असं डब्याने सांगितलं की घंटा वाजते, चालू यंत्र बंद होऊन शेजारचं राखीव यंत्र सुरू होतं, आणि त्या अदलाबदलीत बोलणाऱ्या लोकांची लाईन तुटते.

नरडाण्याच्या पुढे एका उघड्या टेकडीवर असंच एक केंद्र आहे. तिथे रोज दुपारी तीनच्या सुमारास घंटा वाजत होती. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला यंत्राजवळ एक ओलं गोणपाट लटकलेलं दिसलं. त्याने तिथल्या तंत्रज्ञाला मेमो दिला आणि आम्हाला पत्र धाडलं, की ओल शिरून बिघाड झाला आहे, माणूस पाठवून खात्री करून द्यावी. कंपनीतल्या साहेबांनी मला पाठवलं. खरं सांगायचं तर पत्र वाचून मला हायसं वाटलं होतं. ओल म्हणजे माझी चूक नाही.

धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन डोळ्यांत सुया टोचत होतं. डोक्याला भिजवलेला पंचा गुंडाळलेला, खाकी शर्टातला एक उंच गृहस्थ थेट माझ्याकडे आला. बायकांमध्ये लोखंडी पेटी घेऊन उतरणारी मी एकटीच असल्यामुळे त्याला शोधावं लागलं नसावं.

"मी शफी. टेकडीवरचा. तुम्ही पुण्याच्या मॅडम ना?" त्यांनी पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "यात काय दगडं आणली का मॅडम?"

"सिग्नल जनरेटर आहे. चाचणीसाठी."

"मग जपून न्यायला पाहिजे," म्हणत त्यांनी पुढे आलेल्या हमालाला परत पाठवलं आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. छप्पन्न वर्षांचा माणूस. ज्याला मेमो मिळाला होता तो हाच. आणि मी त्याच्याविरुद्ध साक्ष लिहायला आले होते, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी लॉजमध्ये उतरणार होते. शफीभाईंच्या घरी ते मंजूर नव्हतं. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी दारातच पाण्याचा तांब्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला पेला देतात. इथे अख्खा तांब्या देतात आणि संपला की दुसरा आणतात. मी शाकाहारी म्हणून भाभींनी शेवभाजी केली होती. पहिल्याच घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मी "छान झालीय" म्हणाले, तेव्हा भाभी इतक्या हसल्या की त्यांनाच ठसका लागला. मग त्यांनी आमरसाची वाटी पुढे सरकवली. "बेटी, हे घे, ते राहू दे." मी दोन्ही संपवलं.

टेकडी, मंगळवार

जीपने सोनगीर मागे टाकलं तेव्हा भांडी घडवणाऱ्यांची ठोकठोक रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. पुढे सगळं पिवळं, भाजलेलं रान. टेकडीवर झाड म्हणून एक निंब, त्याखाली पहारेकरी भिकाआबांची बाज, आणि वर आभाळात गेलेला लोखंडी मनोरा.

आबांनी मला निरखून पाहिलं. "बाई, तुम्हीच का तो डबा कया?"

केला का, असं ते विचारत होते. मी हो म्हटलं.

"बठ्ठा दिन चूप ऱ्हास. तीन वाजनात का हाऊ डबा बोंबलस." दिवसभर गप्प असणारा डबा तीन वाजले की ओरडतो, ही त्यांची तक्रार.

यंत्राची खोली पत्र्याची होती, आतून लाकडी फळ्या मारलेली. पश्चिमेच्या भिंतीतून मनोऱ्याकडे जाणारी धातूची नळी बाहेर पडत होती आणि त्या नळीला, भिंतीपासून वीतभर अंतरावर, माझा डबा बसवलेला होता. डबा आणि भिंत यांच्यामध्ये खिळ्याला एक गोणपाट. वाळलेलं, पण पाण्याचे डाग पडलेलं.

मी तेव्हा जे बोलले ते आठवलं की अजून मान खाली जाते. "इतक्या नाजूक यंत्राजवळ ओलं पोतं? शफीभाई, तीस वर्षं नोकरी केलीत ना तुम्ही?"

ते हळूच म्हणाले, "मॅडम, ओलं लावलं की वाजत नव्हतं. म्हणून लावलं. लोकांचं बोलणं तुटतं हो मध्येच. कोणाचं हॉस्पिटल असतं, कोणाचं काय."

मी गोणपाट काढायला लावलं. बरोबर तीन वाजून सात मिनिटांनी घंटा वाजली. मी माझ्या मीटरने नळीतली ताकद मोजली. तसूभरही कमी झालेली नव्हती. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं आणि डबा खोटं बोलत होता. मी डबा उघडला. आत गंज नाही, पाण्याचा ठिपका नाही. रबराची कड जशी बसवली होती तशीच.

डब्याच्या आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिळापेक्षा लहान असा एक डायोड असतो. त्याच्यावर मायक्रोवेव्ह पडल्या की तो किंचितशी वीज देतो, व्होल्टचा काही हजारावा भाग. ती मोजली की ताकद कळते. पण डायोडला मायक्रोवेव्ह कळतात तशी उष्णताही कळते, आणि दोन्हींचा निरोप तो एकाच आवाजात देतो. एका अंशाने तापला तरी वीज दोन हजारांश व्होल्टने बदलते. माझा डबा तर लहरींच्या अनेक पट्ट्यांवर एकसारखा चालावा म्हणून कुठल्याच एका पट्टीला जुळवलेला नव्हता, त्यामुळे मुळातला निरोपच फार बारीक. म्हणून मी आत जुळा डायोड ठेवला होता. त्याला मायक्रोवेव्ह दिसत नाहीत, फक्त उष्णता कळते. पहिल्याच्या निरोपातून दुसऱ्याचा वजा केला की उष्णता जाते, ताकद उरते. पुण्याच्या भट्टीत शून्यापासून साठ अंशांपर्यंत मी हे तपासलं होतं. मीटरचा काटा हलला नव्हता.

इथे हलत होता.

टेकडी, बुधवार

सकाळी नरडाण्याच्या एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला. तेव्हा ऊन चढलेलं नव्हतं, लाईन शहाण्यासारखी वागली.

"आत ओल नाही," मी सांगितलं.

"वाळली असेल. गोणपाट होतं ना? मग तेच लिही. हे बघ, तुझं डिझाइन चांगलं आहे. पुढची ऑर्डर यायची आहे. उगाच स्वतःवर ओढवून घेऊ नकोस."

मी टेकडीवर आले आणि निंबाखाली बसून खरोखरच मसुदा लिहायला घेतला. 'आर्द्रतेमुळे बिघाड संभवतो' असं वाक्य लिहिलं. संभवतो हा शब्द फार सोयीचा आहे. शफीभाई आत होते. आबा बाजेवर तंबाखू मळत होते.

"त्याले काढी टाकतीन का?" आबांनी विचारलं.

"नाही हो आबा. एखादी वेतनवाढ थांबवतील."

"तो चोर नही शे," आबा म्हणाले. बस, एवढंच. माझ्याकडे न पाहता.

दुपारचे दोन वाजून गेले तेव्हा कागद घडी करून मी आत गेले. पश्चिमेच्या फळीवर हात ठेवला आणि झटकन काढला. मग डब्याच्या भिंतीकडच्या बाजूला बोट लावलं, मग खोलीकडच्या बाजूला. एक बाजू चटका देणारी, दुसरी नुसती कोमट. मी पुन्हा लावून पाहिलं. शफीभाई दारात उभे राहून बघत होते.

पुण्याच्या भट्टीत डबा सगळीकडून सारखा तापतो. इथे ऊन एका बाजूने येतं. पहिला डायोड मी तोंडाशी, भिंतीच्या अंगाला ठेवला होता, आणि त्याचा जुळा आतल्या सर्किटच्या कार्डावर, चार बोटं दूर. दोघे एका डब्यात होते पण एका उन्हात नव्हते.

"शफीभाई, तुमचं गोणपाट भिंत थंड ठेवत होतं," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर होतात."

ते हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही म्हणता. पण कागदावर कसं येणार?"

खरंच होतं. बोटाने लागलेला चटका अहवालात चालत नाही. डबा सगळा थंड, सगळा गरम आणि अर्धा अर्धा, असा मोजून दाखवायला हवा होता. माझ्याकडे एक जादा डबा होता. पण धुळ्यात मी थंडी कुठून आणणार?

शफीभाईंनी डोकं खाजवलं. "थंडी पाहिजे? जळगावला आहे ना. कमळाअक्कांचा बर्फाचा कारखाना. माझा थोरला भाऊ तिथे फिटर होता."

जळगाव, गुरुवार

एसटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की पारोळ्यापासून पेटी माझ्या मांडीवर होती. एका बाईंनी तिच्यावर आपला झोपलेला नातू ठेवला आणि एरंडोलला उतरताना पेटीबद्दल माझे आभार मानले.

कमळाअक्का साठीच्या, माहेर रावेरचं. यजमान केळीच्या ट्रकांमागे हिंडत आणि कारखाना अक्का चालवत. आत शिरलं की आधी अमोनियाचा झणका, मग पायाखाली ओला भुसा, मग लाकडी झाकणांखाली खारं पाणी आणि त्यात उभे पत्र्याचे डबे. लग्नसराईचे दिवस, बाहेर लाद्या न्यायला हातगाड्यांची रांग. एवढ्या गर्दीत शफीभाईंनी आमचं काम सांगितलं. अक्कांनी माझ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढुसा डबा, अन् त्याच्यापायी शफीवर आळ?" त्या म्हणाल्या. "ये आत. उन्हात कायले उभी राह्यली?"

त्यांनी लाद्या ठेवायच्या खोलीतला एक कोपरा रिकामा करून दिला. मी जनरेटर लावला, डबा जोडला आणि अर्धा तास थांबले. सगळा डबा गार. काटा जागेवर. मग जनरेटरसकट डबा गच्चीखालच्या तापलेल्या कोठीत नेला. बर्फातून निघालेला डबा थेट उष्ण हवेत गेला आणि घामेजला. बघता बघता थेंब धरले, थेंबांचे ओघळ झाले, पितळी तोंडावरून पाणी टपकू लागलं. मी "अरे देवा" म्हणून पदराने पुसायला धावले आणि मध्येच थांबले. काटा हलला नव्हता. डबा पाण्याने निथळत होता आणि काटा जागेवर होता.

"शफीभाई, बघा! ओलीने काहीच होत नाही! लिहून घ्या, वेळ लिहून घ्या."

त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. मग घड्याळ पुन्हा एकदा पाहून आकड्याखाली रेघ मारली.

शेवटी डब्याची एक बाजू बर्फाच्या लादीला टेकवली आणि दुसरी बाजू हवेत ठेवली. दहा मिनिटं गेली. मग काटा सरकू लागला. बाजू उलटी केली, काटा उलटा सरकला. दीड वर्षाचं माझं काम त्या लादीवर सपशेल चुकीचं ठरत होतं आणि मला आनंद झाला होता. शफीभाई तोंडावर पंचा धरून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

जेवायला अक्कांकडे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती. तुपात बुडवलेली बट्टी हाताने कुस्करता कुस्करता मी अक्कांना जुळ्या डायोडांची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली.

"मले सगयं नाही समजलं," त्या म्हणाल्या. "पन बहिनी दोन्ही एका घरात पाह्यजे. तू एक ठेवली सासरी अन् एक माहेरी. मंग त्यायचं कसं जुयीन?"

माझा घास हातातच राहिला. मी सकाळपासून त्याच विचारात होते: दोन्ही डायोड एकाच धातूच्या ठोकळ्यात, पाठीला पाठ लावून. मध्ये भिंत हवी, म्हणजे मायक्रोवेव्ह दुसऱ्यापर्यंत पोचणार नाहीत. पण ती भिंत दोघांची मिळून एक हवी.

"अक्का, पितळेचा एक तुकडा मिळेल का? सुपारीएवढा."

"पितय? आमच्याइथं पितय चालत नाही, अमोनिया खाऊन टाकतो. पन एका येड्यानं पितयी कॉक घेऊन धाडले होते, ते पडले हायेत तसेच."

कॉक आले. कारखान्याच्या फिटरने लेथवर एकाचा ठोकळा काढला आणि दोन बाजूंनी दोन भोकं पाडली, मध्ये नखाएवढी भिंत ठेवून. त्यातलं एक मी पाडून पाहिलं, ते वाकडं पडलं आणि त्याने नीट करून दिलं. संध्याकाळी दोन्ही डायोड त्या ठोकळ्यात बसवून डबा पुन्हा लादीवर ठेवला. एक बाजू बर्फ, एक बाजू उन्हाळा. काटा जरासा हलला, थबकला आणि परत जागेवर आला. पट्टीच्या वरच्या टोकाला माप थोडं वाकडं येत होतं, पण चालण्यासारखं होतं.

अक्का म्हणाल्या, "आता जुयलं." आणि हातगाडीवाल्यांवर ओरडायला निघून गेल्या.

टेकडी, शनिवार

शुक्रवारी शफीभाईंची नमाज, माझं अहवाल लिहिणं आणि भाभींचा आणखी आमरस. 'संभवतो' हा शब्द अहवालात कुठेही येऊ दिला नाही. दोष रचनेत आहे, दोन डायोडांमधल्या अंतरात आहे, आणि तंत्रज्ञाने लावलेल्या ओल्या गोणपाटाने बिघाड केला नाही, उलट टाळला, असं सरळ लिहिलं. खाली सही केली.

शनिवारी नवा डबा बसवला. अडीच वाजता पश्चिमेच्या फळीवर हात ठेववत नव्हता. तीन वाजले. आबा बाजेवरून उठून दारात येऊन उभे राहिले. तीन वाजून सात मिनिटं झाली. तीन वाजून वीस. घंटा गप्प.

मेमो नंतर मागे घेतला गेला. त्याला चार महिने आणि माझी तीन पत्रं लागली. पण टेकडीवर त्या दिवशी हे कोणालाच माहीत नव्हतं. मला तेवढंच ठाऊक होतं, की अहवाल खात्याकडे देण्याआधी साहेबांना सांगायला हवं, आणि आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझा धीर सुटेल.

शफीभाईंनी केंद्रातल्या फोनवरून धुळ्याला सांगून पुणे जोडून घेतलं; ही लाईन याच यंत्रातून जात होती. रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वतः काट्यासमोर जाऊन उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. साहेब चिडले. त्यांचा आवाज इतका मोठा होता की आबांना दारातही ऐकू जात होता. मी काय विचार केला होता, ऑर्डरचं काय होणार, ज्युनिअर लोकांना एकटं पाठवणंच चूक, एकामागून एक. मी "हो साहेब" म्हणत राहिले. शफीभाई काट्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं. त्यांनी हाताने मला खूण केली, की चालू द्या, बोलू द्या त्यांना.

मग साहेबांनी विचारलं, "असे किती डबे बाहेर आहेत?"

"गेले ते सगळे असेच आहेत, साहेब. सगळे परत मागवावे लागतील."

पलीकडे शांतता. बराच वेळ. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. घामाने तो निसटत होता.

"हॅलो?" साहेब म्हणाले. "हॅलो? लाईन तुटली का?"

मी शफीभाईंकडे पाहिलं. त्यांनी काट्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "लाईन चालू आहे."

"मग गप्प का?" आवाज खाली आला होता. "कागद घेतो. ठोकळ्याची मापं सांग."